इगतपुरी रोमानियात कशी गेली

“मॅडम, मी रोमानियाचा नाय.”

एवढं बोलून त्या माणसाने माझ्या टेबलावर प्लास्टिकची फाइल ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात हेल्मेट. दुपारचे सव्वाबारा झाले होते आणि मी नुकताच डबा उघडला होता.

मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? आमच्या ऑफिसात आपणहून येणारी माणसं दोनच प्रकारची. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे जायचं ते चुकून जिना चढलेले, नाहीतर कुरिअरवाले. या गृहस्थांचा गाल सुजलेला नव्हता आणि हातात पार्सल नव्हतं. म्हणजे काम माझ्याकडेच होतं. मी डब्याचं झाकण परत लावलं.

आमचं ऑफिस गंगापूर रोडला. माझ्यासकट सात माणसं. मी तिथे मॉनिटरिंग बघते. हे सांगितलं की नातेवाईक मान डोलावतात आणि विषय बदलतात, म्हणून इथे एकदाच नीट सांगून टाकते.

इंटरनेटवरच्या प्रत्येक कनेक्शनला एक नंबर असतो, आयपी अ‍ॅड्रेस. हे नंबर गठ्ठ्याने वाटलेले असतात. कोणता गठ्ठा कोणाच्या नावावर, कोणत्या देशात, याची नोंद जगातल्या पाच संस्थांकडे असते. त्यांना रजिस्ट्री म्हणतात. तलाठ्याचं ऑफिस समजा. जमिनीचा जसा सातबारा, तसा हा नंबरांचा. आमचं गिऱ्हाईक आम्हाला नंबर देतं, आम्ही रजिस्ट्रीकडून त्याचा उतारा आणून देतो. हा नंबर अमक्याचा, देश तमुक. कोणाला आत घ्यायचं, कोणाला दारातून परत पाठवायचं, हे गिऱ्हाईक त्यावरून ठरवतं.

आता एकाच तलाठ्याला दिवसातून किती वेळा विचारणार? दहाव्यांदा गेलात की तो मान वर करत नाही. रजिस्ट्रीचंही तसंच. फार विचारलं की ती सरळ दार लावून घेते. म्हणून एकदा आणलेल्या उताऱ्याची प्रत आम्ही आमच्याकडे ठेवतो आणि पुढच्याला तिच्यातूनच उत्तर देतो. या साठ्याला कॅश म्हणतात. नाव ऐकून पैशांचं काहीतरी वाटतं, तसं नाही. मी इथे सरळ कपाट म्हणते. नियम असा की प्रत चोवीस तास चालते. मग ती फेकायची आणि नवी आणायची, कारण जमिनीसारखे नंबरही विकले जातात, मालक बदलतात.

त्या कपाटावर लक्ष ठेवणं हे माझं काम. शंभर जणांनी विचारलं तर कितींना कपाटातून उत्तर मिळालं, हा एक आकडा. कपाटातली सगळ्यात जुनी प्रत किती वेळापूर्वी तपासलेली, हा दुसरा. दोन्ही भिंतीवरच्या टीव्हीवर दिसतात. ठीक असतील तर हिरवे, बिघडले तर लाल. दोन वर्षांत आमचा टीव्ही लाल झालेला नव्हता. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

तर समोर बसलेले गृहस्थ. नाव लहांगे. इगतपुरीत केबलचं इंटरनेट पुरवतात. चार महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःच्या नावावर नंबरांचा छोटा गठ्ठा घेतला. तो आधी रोमानियातल्या एका कंपनीचा होता. त्यांनी तो विकला, यांनी घेतला, रजिस्ट्रीने नाव बदलून दिलं. त्याचं सर्टिफिकेट त्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये होतं. वर गणपतीचा छोटा फोटो, खाली सर्टिफिकेट.

“अकरा पोरी बसल्यात माझ्या ऑफिसात,” ते म्हणाले. “नर्सिंगच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायचा हाय. आज पाच वाजेपर्यंत. फॉर्म उघडला की येतंय, परदेशातून अर्ज भरता येणार नाय.”

लहांग्यांनी अ‍ॅडमिशनच्या पोर्टलवाल्यांना फोन केला तर त्यांनी सांगितलं, देश आम्ही ठरवत नाही, तो नाशिकच्या एका कंपनीकडून येतो, त्यांना ईमेल करा. लहांगे ईमेल करणाऱ्यातले नव्हते. त्यांनी मोटारसायकलला किक मारली.

मी म्हटलं, मुलींना मोबाइलवरून भरायला सांगा. ते माझ्याकडे बघत राहिले. इगतपुरीत भर पावसाळ्यात मोबाइलचं नेटवर्क फोन करण्यापुरतं मिळालं तरी खूप झालं, आठ कागद चढवायचे तर विसराच. मग म्हटलं, सायबर कॅफेत पाठवा. गावातले दोन्ही सायबरवाले त्यांच्याच लायनीवर होते. मग म्हटलं, जीप करा, नाशिकला घेऊन या. तर म्हणाले, हायवेवर गोंद्याजवळ ट्रेलर आडवा झालाय. मी मोटारसायकलवर फटीफटीतून आलो तरी दोन तास लागले.

“आणि मीच बोलावलंय ना त्यांना,” ते म्हणाले. “वाडीवाडीत जाऊन सांगितलं, माझ्याकडं या, माझं नेट पावसात जात नाय. यांचं वरीस गेलं तर मी कोणत्या तोंडानं त्या वाडीत जाऊ?”

खरं सांगते, माझ्या मनात पहिलं काय आलं? की हा माणूस चुकतोय. कारण माझा टीव्ही हिरवा होता. मी उठून त्यांना तो दाखवलासुद्धा. म्हटलं, भाऊ, हे बघा, आमची सगळ्यात जुनी नोंद नऊ मिनिटांपूर्वी तपासलेली आहे. नियम चोवीस तासांचा आहे आणि आम्ही नऊ मिनिटांवर आहोत. इतकी ताजी नोंद चुकेल कशी?

लहांगे टीव्हीकडे बघून म्हणाले, “मग नऊ मिनिटांपूर्वी मी रोमानियात होतो का?”

मी खुर्चीत बसले, कपाटात त्यांचा नंबर बघितला. रोमानिया. मग थेट रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर जाऊन बघितला. भारत, इगतपुरी, लहांगे, तारीख चार महिन्यांपूर्वीची. फाइलमधल्या सर्टिफिकेटवर तेच.

माझे कान गरम झाले. पण असं होतं कधीकधी, म्हणून मी ती एक नोंद कपाटातून काढून टाकली. आता पोर्टलने पुढच्या वेळी विचारलं की कपाट रिकामं दिसणार, आमची सिस्टिम रजिस्ट्रीकडे जाणार आणि नवा उतारा आणणार. आणलाच. भारत. मी म्हटलं, झालं, भाऊ. आणि चहा सांगितला.

लहांग्यांनी बायकोला फोन लावून स्पीकरवर ठेवला. मंदाताई ऑफिस सांभाळत होत्या. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता. फॉर्म उघडला म्हणून तिकडे आनंद झाला. इकडे चहा आला. फॉर्म भरायला पंधरा मिनिटं लागतात, पाच पानं आहेत, शेवटी सबमिट. आम्ही चहा पीत पीत इगतपुरीच्या पावसावर बोलत होतो, एवढ्यात मंदाताईंचा आवाज आला, “आलं परत ते परदेशाचं.”

बघते तर काय, कपाटात रोमानिया.

मी पुन्हा काढलं, पुन्हा भारत आलं. मंदाताईंनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. चौथ्या पानावर पुन्हा रोमानिया. आता मात्र माझं डोकं तापलं. मी मुळातच तापट. आमच्या घरी मिक्सर बंद पडला तरी मुलं आधी मला बाहेर पाठवतात. मी आधी रजिस्ट्रीला बोल लावला, की त्यांच्याकडेच दोन उतारे असणार. मग पोर्टलवाल्यांना फोन करून झापलं, की तुमच्याकडे काहीतरी जुनं अडकलंय. तो बिचारा शांतपणे म्हणाला, मॅडम, तुम्ही जे पाठवता तेच आम्ही वाचतो. मग लहांग्यांवरच घसरले. तुमची लाइनच मध्ये मध्ये रोमानियातून जात नाही ना, असं विचारलं. एवढ्या वर्षांची नोकरी, आणि तोंडातून हे वाक्य गेलं. त्यांनी हेल्मेट या मांडीवरून त्या मांडीवर ठेवलं.

दोन वाजून गेले होते. मी रागाच्या भरात अख्खं कपाट रिकामं केलं. एक नोंद काढून जात नाही ना, मग सगळ्याच काढते, बघते कशी परत येते.

हे करू नये. या धंद्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात की भर दुपारी कपाट रिकामं करू नये. कारण तुमचं कपाट रिकामं झालंय हे गिऱ्हाइकांना माहीत नसतं. ती विचारतच राहतात. दर सेकंदाला शेकडो प्रश्न येत असतात, आणि आता प्रत्येक प्रश्न थेट रजिस्ट्रीच्या दारात. तलाठ्याच्या ऑफिसात एकदम अख्खा तालुका घुसवल्यावर तो काय करील? अर्ध्या मिनिटात रजिस्ट्रीचं उत्तर आलं, तुम्ही फार विचारता, नंतर या. म्हणजे एक तास बंदी. टीव्ही लालभडक. दोन वर्षांत पहिल्यांदा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आधी एका गावाचं काम अडलं होतं, आता सगळ्या गिऱ्हाइकांचं अडलं.

लगेच मोबाइल वाजला. आमचे मालक, बोरस्ते सर. दिंडोरीकडे त्यांची द्राक्षबाग आहे. दुपारपर्यंत बागेत, मग ऑफिसात. टीव्हीवरचे आकडे त्यांच्या मोबाइलवरही दिसतात. त्यांनी विचारलं, लाल का झालं? मी म्हटलं, बघतेय. त्यांनी फोन ठेवला. मी कपाळाला हात लावून बसले. लहांगे घड्याळाकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

पाचेक मिनिटांनी टीव्ही हिरवा झाला.

आपोआप. मी काही केलेलं नव्हतं. रजिस्ट्री बंद, कपाट मी माझ्या हाताने रिकामं केलेलं, आणि तरी कपाट गच्च भरलेलं. शंभरातले नव्याण्णव कपाटातून. सगळ्यात जुनी नोंद, एक मिनिट.

पुन्हा सरांचा फोन. या वेळी आवाज खुशीत होता. “बघितलंत मॅडम? चक्कर म्हणतात ती ही. नांग्या भरल्या गेल्या की नाही?”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

चक्कर म्हणजे काय ते सांगते. द्राक्षवाला माणूस रोज बागेत चक्कर मारतो, प्रत्येक ओळीतून. कोणत्या वेलीवर रोग पडला, कोणती वाळली, बघतो. वाळलेली असेल तर काढून तिथे दुसरी लावतो. त्याला नांग्या भरणं म्हणतात. दोन वर्षांपूर्वी सरांना वाटलं की आपल्या कपाटातही अशी चक्कर पाहिजे. चोवीस तास वाट कसली बघायची? दर दहा मिनिटांनी एक प्रोग्राम कपाटातल्या प्रत्येक नोंदीपाशी जाईल, बघेल, बिघडलेली असेल तर जागेवर बदलेल. गिऱ्हाइकांना ते हे कौतुकाने सांगायचे, की आमच्या नोंदी दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ बिनतपासलेल्या राहतच नाहीत.

मी तो प्रोग्राम उघडला आणि वाचला. प्रोग्रामकडे एक वही होती, पहिल्यांदा आणलेल्या उताऱ्यांची नक्कल. नवी नोंद आली की तीही वहीत चढायची, आणि एकदा चढली की कायमची. चक्कर मारताना नोंद वहीशी जुळली की तिच्यावर आत्ताची वेळ घालायची, बघितल्याची खूण म्हणून. झालं. त्या एका खुणेने नोंदीचे चोवीस तास दर दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. म्हणजे कुठलीच नोंद कधीच जुनी होत नव्हती. आणि एखादी नोंद वहीपेक्षा वेगळी दिसली, किंवा जागेवर नसली, तर ती बिघडली समजून वहीतली प्रत तिथे लावायची. मी नवा, खरा उतारा आणला की दहा मिनिटांत चक्कर यायची, तो बिघडलेला समजायची आणि मन लावून रोमानिया परत लावून जायची.

दोन वर्षं हे चाललं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण बहुतेक नंबरांचे मालक बदलत नाहीत. ज्यांचे बदलले, ते इगतपुरीहून मोटारसायकलवर आले नाहीत.

प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव असतं. माझं होतं.

मला अंधूक आठवलं. मार्चअखेरची गडबड होती. सर म्हणाले होते, बिघडलेल्या नोंदीच्या जागी नवी लावा. पण प्रत्येक वेळी नवा उतारा आणायचा तर रजिस्ट्री दार लावून घेईल, म्हणून मी आपली वहीची युक्ती काढली. तात्पुरती. नंतर नीट करू म्हणून. मग टीव्ही इतका सुंदर हिरवा झाला की नंतर कधी आलंच नाही. काखेत कळसा म्हणतात, इथे तर मीच काखेत कळसा घेऊन अख्ख्या गावाला शिव्या घालत फिरत होते. भयंकर लाज वाटली. लहांग्यांच्या समोरून स्क्रीन थोडी वळवून घेतली.

आता चक्कर बंद करायला हवी होती. पण बंद करायचा पासवर्ड फक्त सरांकडे. मध्ये कोणीतरी ती चुकून बंद केली होती, तेव्हापासून त्यांनी तो स्वतःकडे ठेवला. मी फोन केला. म्हटलं, सर, चक्कर थांबवावी लागेल, तीच चुकीच्या नोंदी परत लावतेय. ते म्हणाले, काहीतरीच काय, आत्ताच तर तिने वाचवलं. मी समजावायला लागले. वही, खूण, चोवीस तास. पलीकडे फवारणीच्या मशिनचा आवाज. त्यांना निम्मं ऐकू गेलं नाही आणि उरलेलं पटलं नाही. शेवटी म्हणाले, मी येतो, तोवर कशाला हात लावू नका.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी आले. बुटांना बागेतला चिखल तसाच. अडीच वाजल्यापासून मी एकेक मिनिट मोजत होते. मंदाताईंचे मध्ये चार फोन आले. एका मुलीच्या वडिलांनी तिला परत न्यायला माणूस पाठवला होता, मंदाताईंनी त्याला जेवायला बसवून ठेवलं होतं.

मी सरांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. सर माणूस चांगला, पण चक्कर हे त्यांचं लाडकं बाळ. म्हणाले, “मॅडम, रोजची देखरेख वाईट कशी असेल? मी बागेत चक्कर मारायची थांबवली तर बाग जाईल.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात लहांगे बोलले.

“साहेब, एक विचारू? आमच्याकडं भाताच्या आवणीत एखादं रोप मेलं, तर आम्ही तिथं नवं लावतो. तुम्ही द्राक्षाला काय करता? नवं लावता का मेलेलंच परत रोवता?”

“नवंच लावणार ना,” सर म्हणाले. “मेलेलं कोण रोवतं?”

“तुमची ही चक्कर रोवती.”

सर माझ्याकडे वळले. जे मी आधी फोनवर आणि मग दहा मिनिटं समोर समजावत होते, ते त्यांना त्या एका वाक्यात कळलं. चेहरा उतरला त्यांचा.

“पण मी तर नवी लावा असंच सांगितलं होतं,” ते म्हणाले. “हे असं कोणी लिहिलं?”

इथे मी जे केलं ते लिहायला मला आवडत नाही. मी म्हटलं, “सर, तो एक होता ना, मागच्या वर्षी पुण्याला गेला.”

सरांनी पुण्याकडे बघून मान हलवली आणि पासवर्ड टाकला. चक्कर बंद झाली. तीन चाळीस.

पण रजिस्ट्रीची बंदी अजून उठलेली नव्हती. एक तास होऊन गेला होता, तरी दार बंदच. बहुधा आमची गिऱ्हाइकं दार ठोठावत राहिल्यामुळे वेळ वाढली असणार. म्हणजे चुकीची नोंद काढली तरी खरी आणणार कुठून? आमच्याकडे नियम आहे की कपाटात कोणीही हाताने नोंद लिहायची नाही. नियम मीच केलेला. सरांना विचारलं. ते म्हणाले, लिहा. मी माझ्या मोबाइलवरून, ऑफिसचं नेट सोडून, रजिस्ट्रीची वेबसाइट उघडली, त्यावरून नोंद टाइप केली. लहांग्यांनी फाइलमधून सर्टिफिकेट काढलं, गणपतीचा फोटो बाजूला ठेवला आणि माझ्या शेजारी उभं राहून एकेक आकडा बोटाने जुळवून घेतला. सर वरून बघत होते. तीन माणसं एका ओळीसाठी. बँकेत सही जुळवतात तसं.

तीन पंचावन्नला मंदाताईंना सांगितलं, सुरू करा. तिकडे तीन कॉम्प्युटर, मुली अकरा, एका फॉर्मला पंधरा मिनिटं. हिशोब पाचला पाच कमीवर येत होता. कोणाचा फोटो चढला नाही, किंवा लाइट गेली, तर संपलं.

पुढचा एक तास मी काय केलं? काहीच नाही. त्या एका नोंदीकडे बघत बसले. खऱ्या अर्थाने मॉनिटरिंग म्हणतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं असेल. चार दहाला पहिले तीन फॉर्म गेले. सरांनी सगळ्यांसाठी मिसळ मागवली आणि कोणी खाल्ली नाही. चार पंचवीसला सहा झाले. सातव्या मुलीचा जातीचा दाखला फार मोठ्या साइजचा निघाला, तो लहान कसा करायचा ते मी फोनवर सांगत होते आणि तीच पायरी घाईघाईने पुन्हा पुन्हा सांगत होते. मलाच आश्चर्य वाटलं. या मुलींना मी बघितलेलंही नव्हतं. पण त्यांचं वर्ष माझ्या एका तात्पुरत्या युक्तीपायी चाललं होतं, आणि हे खोलीत फक्त मला माहीत होतं.

चार छप्पन्नला मंदाताई म्हणाल्या, “अकरावा गेला.”

लहांग्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. सरांनी त्यांना मिसळीची प्लेट दिली. या वेळी त्यांनी खाल्ली, सगळी, शिवाय माझीही.

टीव्हीचं काय झालं ते राहिलं. चक्कर बंद केल्यावर मी प्रत्येक नोंदीवर खरी तारीख दाखवायला लावली, म्हणजे उतारा रजिस्ट्रीकडून प्रत्यक्ष आणला तो दिवस. टीव्ही लाल झाला तो पुढचे बारा दिवस लालच होता. सगळ्यात जुनी नोंद, दोन वर्षं तीन महिने. आम्ही रजिस्ट्रीला थोडं थोडं विचारत, रोज थोड्या नोंदी नव्या करत गेलो. सरांनी स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की आमचं चुकलं होतं. दोघं रागावले, एक जण सोडून गेला. बाकीचे म्हणाले, आम्हाला कळलंच नव्हतं. हे ऐकून सरांना जास्त वाईट वाटलं. आता चक्कर पुन्हा चालू आहे, पण ती दिवसातून एकदाच जाते, थोड्याच नोंदी उचलते आणि त्यांचा उतारा खरोखर नवा आणून ताडून बघते. रोज दोनचार चुका सापडतात. ज्या दिवशी एकही सापडत नाही, त्या दिवशी मी आधी चक्करच तपासते.

त्या संध्याकाळी लहांग्यांना सोडायला मी जिन्याने खाली गेले. त्यांनी हेल्मेट घातलं, फाइल शर्टाच्या आत सरकवली. मला त्यांना तसंच जाऊ देववेना. म्हटलं, “भाऊ, ते पुण्याला गेलेल्या माणसाचं काम नाही. तो प्रोग्राम मीच लिहिला होता.”

ते गाडीला किक मारत होते. थांबले.

“ताई, मला दुपारीच कळलं होतं,” ते म्हणाले. “दुसऱ्याची चूक असती, तर तुम्ही इतक्या चिडल्या नसत्या.”

आणि गेले. सरांना मी अजून सांगितलेलं नाही, त्यांना हे वाचूनच कळेल. बाकी या धंद्यात एवढ्या वर्षांनी एक गोष्ट शिकले. माझं डोकं फार तापलं की आता मी कोणाला फोन करत नाही. आधी प्रोग्राम उघडते आणि पहिल्या ओळीतलं नाव वाचते.